पटकथेला न जुमानणारा नाच

ग्वादालाहारातल्या एका खानदानी घरात लग्नाची मेजवानी चालली आहे. नवरामुलगा वकील, घराणं नावाजलेलं, पाहुणे शहरातले मोठमोठे लोक. नवरी एलेना हिने या घराचा उंबरा ओलांडला तेव्हाच तिला कळून चुकलं होतं, की आपली होणारी सासू रोसाउरा हीच सिउदाद हुआरेसमधल्या त्या कॅबरेची मालकीण आहे, जिथे गुंगीचं औषध पाजून आपल्याला धंद्याला लावलं गेलं. त्या काळच्या बहुतेक मेलोड्रामांत ही मुलगी तोंड लपवून निघून गेली असती, नाहीतर नवऱ्याच्या पायाशी बसून सगळं कबूल करून मोकळी झाली असती. एलेना लग्न लावून घेते आणि त्या प्रतिष्ठित पाहुण्यांच्या देखत कॅबरेतला नाच नाचते. शहरभर अब्रूने मिरवणाऱ्या सासूला चकार शब्द काढता येत नाही. बोलली तर तिचंच बिंग फुटणार.

हा प्रसंग १९५० सालच्या ‘आवेंतुरेरा’तला. दिग्दर्शक आल्बेर्तो गाउट, पटकथा स्पेनमधून परागंदा होऊन आलेल्या आल्वारो कुस्तोदिओची, आणि एलेना झाली आहे निनोन सेविया. मेक्सिकन चित्रपटाच्या सुवर्णकाळाचा विषय निघाला की आपल्याकडे बुन्युएलचं नाव घेतात, फार तर एमिलिओ फेर्नान्देसचं. कॅबरेतल्या नर्तकींचे हे चित्रपट, म्हणजे रुंबेरा चित्रपट, बाजारू म्हणून बाजूला पडतात. मेक्सिकोतही कित्येक वर्षं तसंच चाललं. माझ्या मते या चित्रपटांचा निवाडा केवळ गोष्टीवरून झाला आणि तिथेच घोळ झाला. गोष्ट बहुधा सनातनी असते. पोरीचा पाय घसरतो, समाज तिला शिक्षा करतो, शेवटी पश्चात्ताप तरी नाहीतर मरण तरी. पण मधूनमधून ही गोष्ट थांबते, वाद्यमेळ सुरू होतो, आणि मंचावर जे घडतं ते गोष्टीने दिलेला निकाल मुळीच मानत नाही. हे निनोन सेवियाइतकं ठसठशीतपणे दुसऱ्या कुणी केलं नाही.

या प्रकाराची मुळं जुनी आहेत. फेदेरिको गाम्बोआच्या ‘सांता’ या १९०३ सालच्या कादंबरीत फसवली गेलेली गावाकडची मुलगी राजधानीतल्या कुंटणखान्यात येते आणि तिची तिथे धूळधाण होते. तिच्यावर १९१८मध्ये मूकपट निघाला, १९३२मध्ये बोलपट. मेक्सिकोचा बोलपटाचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या दुसऱ्या ‘सांता’पासून, आणि त्यात गाणं होतं आगुस्तीन लाराचं. लाराने तरुणपणी कुंटणखान्यांत पियानो वाजवून पोट भरलं होतं. पतित स्त्रीला मखरात बसवणारी त्याची बोलेरो गाणी पुढे रेडिओने घरोघरी नेली. १९३४ साली आर्कादी बोयत्लेरच्या ‘ला मुहेर देल पुएर्तो’मध्ये आन्द्रेआ पाल्मा बंदरावरची वेश्या झाली आणि रातोरात तारका ठरली. ‘आवेंतुरेरा’तली सासू ही तीच आन्द्रेआ पाल्मा. सोळा वर्षांपूर्वी जिच्या दुर्दैवावर प्रेक्षक रडले होते तीच आता दुसऱ्या मुलींना बाजारात बसवते आहे, हे त्या वेळच्या मेक्सिकन प्रेक्षकाला सांगावं लागलं नसणार. ही पात्रनिवड कुणाला सुचली कोण जाणे, पण चित्रपटाची निम्मी धार तिच्यात आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने मेक्सिकोला कच्ची फिल्म पुरवली आणि अर्जेंटिनाच्या बाबतीत हात आखडता घेतला, त्यामुळे मेक्सिकोचे स्टुडिओ फोफावले. युद्ध संपलं, हॉलिवूड पुन्हा बाजारात उतरलं, तसे निर्माते कमी खर्चात हमखास चालणारा माल शोधू लागले. कॅबरेचा एक सेट, रेडिओवर आधीच गाजलेली गाणी, हवानाहून आलेली नर्तकी, एवढ्यावर चित्रपट उभा राहायचा. बाहेर मिगेल आलेमानची राजवट होती, १९४६ ते १९५२. हमरस्ते, उंच इमारती, आकापुल्कोची चैन, आणि दुसरीकडे गाव सोडून राजधानीत लोटलेली माणसं. रात्र पडली की कॅबरे उघडायचे आणि गाववाल्याला शहर म्हणजे काय ते तिथे दिसायचं. एक गोष्ट विसरता कामा नये. या चित्रपटांच्या भरभराटीच्या काळात मेक्सिकोतल्या स्त्रीला देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. तो हक्क १९५३ साली मिळाला.

या नर्तकींपैकी मारिया आन्तोनिएता पोन्स, आमालिया आगिलार, रोसा कार्मिना आणि निनोन या क्युबाच्या. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली मेचे बार्बा ही यांच्यातली एकटी बिगरक्युबन. पोन्स सर्वांत आधीची आणि सर्वांत सफाईदार. आगिलार विनोदी चित्रपटांत खुलायची. ‘कालाबासितास तिएर्नास’मध्ये तिन तानबरोबर तिला पाहावं. रोसा कार्मिना हुआन ओरोलच्या गँगस्टरपटांची राणी. नाचाच्या तंत्रात यांतली एखादी निनोनपेक्षा सरस भरेल. पण तिच्यासारखी धगधगणारी बाई यांच्यात दुसरी नाही.

तिचं खरं नाव एमेलिया पेरेस कास्तेयानोस. जन्म हवानाचा. लहानपणी तिला जोगीण व्हायचं होतं, मिशनरी म्हणून परदेशी जायचं होतं. झाली नर्तकी, आणि नाव घेतलं ते सतराव्या शतकातल्या निनोन द लांक्लो या फ्रेंच गणिकेचं. हवानाच्या रंगभूमीवर ती आधी विनोदी जोडीच्या खेळात मागच्या रांगेत नाचायची. १९४६च्या सुमारास मेक्सिको सिटीत आली आणि तिथल्या रंगमंचावर निर्माते पेद्रो आर्तुरो काल्देरोन यांनी तिला हेरलं. काल्देरोन कुटुंब उत्तरेकडच्या चिवावा भागात चित्रपटगृहं चालवत मोठं झालेलं. प्रेक्षकाला काय हवं ते तिकीट खिडकीवर शिकलेलं. त्यांच्या पदरी निनोनने पुढची दहाएक वर्षं काढली आणि तिचे महत्त्वाचे बहुतेक सगळे चित्रपट त्यांच्याच संस्थेचे आहेत. सुरुवातीला ‘पेकादोरा’, ‘सेन्योरा तेंतासिओन’ यांसारख्या चित्रपटांत ती नाचापुरती होती. १९४८च्या ‘रेवांचा’पासून गाउट तिच्या वाट्याला आला आणि गाडी रुळावर आली.

आपले नाच ती स्वतः बसवायची, आणि समीक्षकाने लक्ष द्यावं अशी ही बाब आहे. वेशभूषा, डोक्यावर रचलेले ते अवाढव्य केशसंभार, मंचावरचा सगळा डौल तिच्या मनाने ठरायचा. क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचे धार्मिक नाच, त्यांचे ढोल, देवदेवतांना घातलेली साद हे तिने मेक्सिकोच्या पडद्यावर आणलं. पण ती शुद्धतेच्या मागे लागली नाही. ‘आवेंतुरेरा’त एका नाचात ती अंगावर केळी मिरवते, दुसऱ्यात एकदम पौर्वात्य बाजारातली नर्तकी होते. कथेशी या नाचांचा काडीचा संबंध नाही असं म्हणणारे म्हणतात. संबंध आहे. गोष्टीत ही मुलगी विकली गेलेली, मारहाण सोसलेली, नाव गमावलेली आहे. मंचावर मात्र ती दर खेपेला नवी बाई होऊन येते, आणि प्रत्येक बाई आधीचीपेक्षा अधिक मग्रूर. कॅमेरा आल्बेर्तो गाउट आणि छायालेखक अॅलेक्स फिलिप्स बराचसा लांब ठेवतात. केसांपासून टाचेपर्यंत पूर्ण देह चौकटीत राहतो, त्यामुळे खांद्याची लय आणि कमरेची लय कशी एकमेकींशी भांडतात ते दिसतं. पुढच्या पिढीच्या छायालेखकांनी नर्तकीचे तुकडे पाडले. इथे नाच अखंड आहे.

तिच्या अभिनयाबद्दल नाकं मुरडली जातात. आवाज चढा, डोळे विस्फारलेले, ओठ सतत काहीतरी गिळायला निघाल्यासारखे. हे सगळं खरं आहे आणि मला तेच तिचं बळ वाटतं. ‘आवेंतुरेरा’त पेद्रो वार्गास लाराचं शीर्षकगीत गातो तो प्रसंग घ्या. गाणं तिला उद्देशून आहे. पुरुष गातोय, आणि तिने आपली किंमत चोख वसूल करावी असा त्याचा सल्ला आहे. ती नाचत नाही, नुसती असते, ऐकत असते. त्या चेहऱ्यावर लाज शोधायला जावं तर संताप सापडतो, संतापाकडे बघावं तर हिशेब चाललेला दिसतो. लाराची गाणी ज्या स्त्रीची पूजा बांधत होती ती स्त्री पडद्यावर येऊन त्या पूजेकडे अशी रोखून बघेल याची कल्पना लारालाही नसावी. पुढे मरणाला टेकलेली तिची आई, जिच्या पळून जाण्याने घर मोडलं आणि बापाने जीव दिला, ती क्षमा मागते. एलेना क्षमा करत नाही. मातृत्वाला देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या मेक्सिकन चित्रपटात हा नकार केवढा मोठा होता, ते त्या काळातले आणखी चार मेलोड्रामा पाहिल्याशिवाय उमगत नाही.

‘विक्तिमास देल पेकादो’ १९५१चा. दिग्दर्शक एमिलिओ ‘एल इंदिओ’ फेर्नान्देस, छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ. ‘मारिया कान्देलारिया’सारख्या चित्रपटांमुळे युरोपातल्या महोत्सवांत मान मिळवलेली ही जोडी रुंबेरा चित्रपट करायला उतरली, हेच मुळात नवल. दोन वर्षांपूर्वी फेर्नान्देसनेच ‘सालोन मेक्सिको’ केला होता. त्यात मार्गा लोपेस ही धाकट्या बहिणीच्या शाळेसाठी नाचघरात स्वतःला विकते, हे लपवत राहते, आणि आपल्या छळवाद्याला मारताना स्वतःही मरते. चित्रपट देखणा आहे, पण त्यातली बाई बलिदानासाठीच जन्माला घातलेली. ‘विक्तिमास’चा आराखडा जवळजवळ तोच, छळवादी दलाल म्हणून नटसुद्धा तोच, रोदोल्फो आकोस्ता. त्याच्या धाकाने एक मुलगी आपलं तान्हं बाळ कचऱ्याच्या पिंपात टाकते आणि कॅबरेची नर्तकी व्हिओलेता धावत जाऊन ते उचलते. बाळापायी काम जातं, ती रस्त्यावर येते, मग रेल्वेच्या रुळांलगतच्या ‘ला माकिना लोका’ नावाच्या कॅबरेत तिला आसरा मिळतो. तिथला मालक भला माणूस, आणि तो झालाय तितो हुन्को, जो ‘आवेंतुरेरा’त तिला विकणारा दलाल होता.

कथा उघडउघड भडक आहे. पण फिगेरोआने इंजिनांचा धूर, नोनोआल्कोचा पूल आणि रात्रीचे ओले रस्ते असे टिपलेत की भडकपणाला भारदस्तपणा येतो. पहिल्या कॅबरेत पेरेस प्रादोचा वाद्यमेळ आहे, रिता मोंतानेर ही क्युबाची थोर गायिका आहे, आणि निनोनचा नाच तिथे झगमगाटातला आहे. ‘ला माकिना लोका’त मात्र समोर रेल्वेचे कामगार बसतात आणि ढोलाच्या तालावर ती नाचते तेव्हा झगमगाट गळून पडलेला असतो. कष्टाने दमलेल्या माणसांसमोर कष्टाने दमलेली बाई नाचते आहे. पुढे दलाल परत येतो, मुलाला मारत असतो, आणि व्हिओलेता खिडकीची काच फोडून आत झेप घेते व त्याला गोळ्या घालते. ही झेप मार्गा लोपेसला जमली नसती. तसं देहबळ तिच्या बाईत पेरलेलंच नव्हतं. व्हिओलेता तुरुंगात जाते, पण मरत नाही. फेर्नान्देसच्या हट्टी बलिदानवादाला नायिकेच्या अंगातल्या लयीने वाकवलं, असं मला हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर ठामपणे वाटतं. तरी दोहोंत एकच निवडायचा तर मी ‘आवेंतुरेरा’ निवडेन. ‘विक्तिमास’च्या शेवटी आई आणि मूल यांच्यावर फेर्नान्देस जे राष्ट्रीय पावित्र्य चढवतो त्याखाली निनोन थोडी गुदमरते.

त्याच वर्षीच्या ‘सेन्सुआलिदाद’मध्ये गाउट-कुस्तोदिओ जोडीने पुन्हा डाव मांडला. न्यायाधीश एका नर्तकीला तुरुंगात धाडतो. सुटून आल्यावर ती त्याला नादी लावून धुळीला मिळवते. न्यायाधीश झालाय फेर्नान्दो सोलेर, मेक्सिकन पडद्यावरचा आदर्श कुटुंबप्रमुख. मूळ धागा उघडच जर्मन ‘ब्लू एंजल’चा. याच धाग्यावर व्ही. शांताराम यांनी १९७२मध्ये ‘पिंजरा’ विणला, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही वाट ओळखीची आहे. ‘पिंजरा’तली चंद्रकला मास्तरांना खाली ओढते आणि पुढे पश्चात्तापाने होरपळते; तमाशाच्या बोर्डावरची तिची अदा हळूहळू सात्त्विक होत जाते. निनोनची आउरोरा सात्त्विक होत नाही. शांताराम गुरुजींच्या पतनाची शोकांतिका सांगतात, गाउटला न्याय देणाऱ्या खुर्चीचीच झाडाझडती घ्यायची आहे. दोन्हींत नाच मध्यवर्ती, पण ‘पिंजरा’त तो मोह आहे आणि ‘सेन्सुआलिदाद’मध्ये तो सूड आहे.

या चित्रपटांतल्या लॅटिन तालाचा प्रवास त्या काळात आपल्यापर्यंतही पोचला होता. १९५१च्याच ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांनी बाँगो आणि माराकास यांच्या साथीवर लॅटिन ठेका हिंदी गाण्यात बसवला, आणि गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांचा वाद्यमेळ त्यात पडद्यावर दिसतो. भगवानदादा आणि गीता बाली त्या ठेक्यावर निर्भेळ आनंदाने नाचतात. मेक्सिकोत त्याच ठेक्याच्या पाठीवर केवढं ओझं होतं ते या आनंदाशेजारी ठेवून पाहिलं की कळतं.

आता ज्याच्याबद्दल निनोनचे चाहते बोलायचं टाळतात त्याबद्दल. तिने जे नाच आणले ते क्युबातल्या काळ्या माणसांचे. ते ढोलकरी चौकटीत दिसतात, घाम गाळतात, पण त्यांना नाव नाही, संवाद नाही, गोष्ट नाही. मध्यभागी आहे ती सोनेरी केसांची गोरी बाई. १९५४च्या ‘मुलाता’त आणि १९५७च्या ‘याम्बाओ’त तर ती मिश्रवंशीय स्त्री म्हणून उभी राहते. ‘याम्बाओ’ एकोणिसाव्या शतकातल्या क्युबात घडतो. उसाचे मळे, गुलाम, मंत्रतंत्र. रंगीत आहे, नेत्रदीपक आहे, आणि मला तो बघवत नाही. ‘विक्तिमास’मध्ये ढोल आणि देह यांच्यात निदान बरोबरीची झटापट होती. ‘याम्बाओ’त काळी संस्कृती निव्वळ जादूटोण्याचा देखावा होऊन बसते. निनोनला त्या परंपरेबद्दल मनापासून ओढ होती हे तिच्या प्रत्येक हालचालीत दिसतं. पण पडद्यावर जागा कुणाला मिळते हे ओढीवर ठरत नाही, आणि तिला मिळालेली जागा ही त्या ढोलकऱ्यांच्या बहिणींना नाकारलेली जागा होती. हे मान्य केल्याने तिचं कर्तृत्व उणावत नाही, पण पुरतं कळतं.

१९५२ साली एर्नेस्तो उरुचुर्तू राजधानीचा कारभारी झाला आणि रात्रजीवनावर त्याने वरवंटा फिरवला. कॅबरे लवकर बंद होऊ लागले, पुष्कळ कायमचे गेले. दूरचित्रवाणी आली. तोचतोचपणानेही प्रेक्षक कंटाळले होते, हेही खरं. हूलिओ ब्राचोच्या ‘येव्हामे एन तुस ब्रासोस’सारखा एखादा चित्रपट सोडला तर त्यानंतर निनोनच्या हाती फारसं काही लागलं नाही. १९७०च्या दशकात कॅबरे पडद्यावर परतला तो ‘बेयास दे नोचे’सारख्या चित्रपटांतून. निर्माते पुन्हा काल्देरोनच. या फिचेरा म्हणवल्या गेलेल्या चित्रपटांत विनोद आहेत, कपडे उतरवणं आहे. ठेक्याला धरून देहाने केलेला वाद मात्र नाही. एका कलाप्रकाराचा ऱ्हास एकाच घराण्याच्या नफ्याच्या वहीत इतका स्पष्ट उमटलेला क्वचितच सापडेल.

तिची कदर आधी बाहेरच्यांनी केली. १९५४मध्ये तरुण फ्रान्स्वा त्र्यूफोने टोपणनावाने ‘काये द्यू सिनेमा’त तिच्यावर आवेशाने लिहिलं. मेक्सिकोत होर्हे आयाला ब्लांको यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात ‘आवेंतुरेरा’ला मानाची जागा दिली, १९९४ साली ‘सोमोस’ मासिकाने समीक्षकांकडून मेक्सिकोच्या शंभर सर्वोत्तम चित्रपटांची यादी करवून घेतली तेव्हा तो चौथा आला. ती स्वतः दीर्घ काळानंतर ‘नोचे दे कार्नाव्हाल’मधून परतली आणि या भूमिकेसाठी तिला आरिएल पुरस्कार मिळाला, मग मालिकांत म्हाताऱ्या बायकांच्या भूमिका करत राहिली. १ जानेवारी २०१५ रोजी मेक्सिको सिटीत तिचं निधन झालं. १९९७पासून कार्मेन सालिनास यांनी ‘आवेंतुरेरा’चं संगीत नाटक वर्षानुवर्षं चालवलं, नायिका बदलत गेल्या. नाटकाने मूळ गोष्ट घेतली आणि ती गाजवली. गोष्ट उचलता येते, तो नाच उचलता आला नाही.

चित्रपटांचं जतन ही या साऱ्यातली मोठी चिंता. २४ मार्च १९८२ला मेक्सिकोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली आणि हजारो प्रती जळाल्या. लोकप्रिय, ‘हलक्या’ समजल्या गेलेल्या चित्रपटांकडे तर आधीही कुणी बघत नव्हतं. काल्देरोन कुटुंबातल्याच विविआना गार्सिया बेस्ने यांनी घरातली रिळं गोळा करून ‘पेर्मानेन्सिया वोलुंतारिया’ हा संग्रह उभा केला, कुटुंबाच्या चित्रपटांवर ‘पेर्दिदा’ नावाचा माहितीपट केला. ‘विक्तिमास देल पेकादो’ची आता नव्याने दुरुस्त केलेली प्रत जगभर दाखवली जाते आहे. धूसर प्रतींमध्ये जे धुराचे लोट नुसते करडे डाग वाटायचे त्यांत आता कामगारांचे चेहरे दिसतात.

पुण्या-मुंबईतल्या फिल्म सोसायट्यांनी ही प्रत मिळवावी असं मला फार वाटतं. निनोनची ओळख करून द्यायची तर ‘विक्तिमास’ मोठ्या पडद्यावर, एकटाच दाखवावा, भाषणाशिवाय. आणि दुसऱ्या दिवशी ‘सेन्सुआलिदाद’ आणि ‘पिंजरा’ जोडीने लावावेत, आधी मेक्सिकन, मग मराठी. तमाशावर बोलणाऱ्या, लावणीवर लिहिणाऱ्या मंडळींना मुद्दाम बोलवावं. चंद्रकला आणि आउरोरा यांच्यावरची चर्चा त्यांच्याशिवाय अपुरी राहील.